व्हॅक्सिन डेपो की काँग्रेस रोड?

बेळगावच्या टिळकवाडी-हिंदवाडीत राहणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी चालायला सांगितलं की पहिला प्रश्न हाच पडतो. गेल्या महिन्यात नोकरीतून मोकळ्या झालेल्या एका मित्राने मला विचारलं, तेव्हा "दोन्ही चांगलं आहे की" म्हणून मी सुटलो. नीट उत्तर त्याला द्यायचं राहिलंच, ते इथे लिहितो. दोन वर्षं मी डेपोत चाललो आणि आता तीन पावसाळे रुळांच्या कडेने, काँग्रेस रोडवर चालतोय.

डेपोची बाजू आधी सांगतो, कारण ती भक्कम आहे. ब्रिटिशांच्या काळात इथे देवीची लस तयार व्हायची. देवी गेल्या, लस गेली, झाडं राहिली. मध्यंतरी तिथे बांधकामं निघाली तेव्हा झाडांसाठी लोक उभे राहिले, ते उगाच नाही. मे महिन्यात सकाळी साडेसातला काँग्रेस रोडवर ऊन टोचायला लागतं, डेपोत तेव्हा एखादा भारद्वाज पालापाचोळ्यात आरामात हिंडत असतो. पायाखाली माती असते, ती गुडघ्यांना बरी असं म्हणतात. माझ्या गुडघ्यांना काही फरक कळला नाही, पण तुमच्या गुडघ्यांचं तुम्ही बघा. पावसाळ्यात हीच तांबडी माती बुटाच्या तळाला असा थर धरते, की घरी आल्यावर मागच्या दारी हिराच्या काडीने कोरत बसावं लागतं. तेही मी दोन वर्षं केलं.

डेपो सुटला तो फेऱ्यांमुळे.

तिथे आपण गोल चालतो. मी एका दिशेने, आणि माझ्याच वेळेला येणारे एक गृहस्थ नेमके उलट्या दिशेने. पहिल्या फेरीला "काय ओ, आज लवकर?" "होय की, जाग आली." इथवर ठीक. दुसऱ्या फेरीला हसायचं. तिसऱ्या फेरीला काय करायचं? नुसती मान हलवली तर कोरडं वाटतं, न बघता पुढे गेलं तर माज दिसतो, आणि बोलायला तर काही उरलेलं नसतं. ते लांबून दिसले की मी बुटाची नाडी बांधायला वाकू लागलो. आठवडाभराने तेच म्हणाले, "तुमची नाडी रोज इथंच सुटते बघा."

दुसरं म्हणजे दर फेरीला फाटक समोर येतं, आणि फाटकाबाहेर आपली स्कूटर उभी. स्कूटर दिसली की मन म्हणतं, झालं की आजच्यापुरतं. पाच फेऱ्या ठरवून निघालेला मी तीन फेऱ्यांत घरी. बायको घड्याळाकडे बघायची, बोलायची काही नाही.

काँग्रेस रोडवर ही पळवाट नाही. रेल्वेच्या पहिल्या गेटाकडून निघून तिसऱ्या गेटापर्यंत गेलात की तेवढंच परत चालावं लागतं. माझ्या चालीने जाऊन-येऊन पाऊण तासाच्या आसपास. ओळखीचा माणूस भेटलाच तर फार तर दोनदा भेटतो, एकदा जाताना आणि एकदा येताना. तेवढं बोलणं कुणाकडेही असतं. शिवाय रेल्वेला चढ सोसत नाही, त्यामुळे रुळांच्या सोबतीने जाणाऱ्या रस्त्यालाही फारसा चढ नाही. धाप लागणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. फूटपाथ चालण्याजोगा आहे. पावसानंतर एखादी सुटलेली फरशी पाय पडला की गुडघ्यापर्यंत पिचकारी मारते खरी, पण कुठली फरशी ते आठवड्यात पाठ होतं.

मला मात्र तिथे ओढून नेतात ते रूळच. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा इथून मीटर गेजची गाडी जायची. पुण्या-मुंबईला निघालं की मिरजेला उतरायचं, ट्रंक डोक्यावर घ्यायची आणि मोठ्या गाडीत जागा पकडायला धावायचं. १ मीटर रुंदीचे ते रूळ नव्वदच्या दशकात गेले आणि १.६७६ मीटरचे आले. आता तर दोन मार्ग आणि वर विजेच्या तारा. मालगाडी आली की मी वाघिणी, म्हणजे तिचे डबे, मोजतो. बऱ्याचदा ५८ भरतात. मोजता मोजता अर्धा रस्ता संपलेला असतो. रस्त्याला काँग्रेसचं नाव पडलं ते १९२४ च्या डिसेंबरातल्या अधिवेशनामुळे. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं ते एकमेव अधिवेशन. त्या वेळी खोदलेली विहीर अजून आहे. येणाऱ्यांसाठी जवळच तात्पुरतं स्टेशन केलं होतं, असं जुनी माणसं सांगायची. रूळ बघत चालताना ते स्टेशन नेमकं कुठे असेल याचा मी रोज नवा अंदाज बांधतो.

खोट आहेच. आठनंतर शाळेच्या गाड्या सुरू झाल्या की धूर नाकात जातो. इंजिनाचा भोंगा अगदी कानाशी वाजतो. शांतता हवी असेल, किंवा चार जणांनी गप्पा मारत रमतगमत चालायचं असेल, तर डेपोसारखी जागा नाही. एकटे असाल आणि माझ्यासारखे आळशी असाल, तर सहाला काँग्रेस रोडवर या. रुळांवर मात्र उतरू नका, गाडी वाटते त्याहून लवकर येते.

रविवारी अजूनही बायको मला डेपोत नेते. ते गृहस्थ असतातच. परवा त्यांनी दिशा बदललेली दिसली. आता ते आमच्या पुढे चालतात, आणि त्यांना गाठायचं की मागेच राहायचं, हे काही आमचं अजून ठरलेलं नाही.