आलेख शिकवायचे: आलेख कागदावर की एक्सेलवर?

आठवी-नववीला आलेख शिकवायचे आहेत आणि संगणक खोलीचा तास आठवड्यातून एकदाच मिळतो. मग कागदावर वेळ घालवायचा की थेट एक्सेल उघडायचं? सांगलीत गणित शिकवताना मी दोन्ही करून पाहिलंय. माझं मत असं की पहिले चार-पाच आलेख हातानेच काढून घ्यावेत.

त्यामागे वर्गातलाच एक प्रसंग आहे. इथल्या मुलांना पाण्याचे फूट समजावून सांगावे लागत नाहीत. आयर्विन पुलाजवळ 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा 57 फुटांवर गेली होती, हे सगळं घरात बोललं जातं. म्हणून सरावासाठी मी फळ्यावर पाणीपातळीचे आकडे लिहून दिले: सकाळी 6 ला 38 फूट, 8 ला 39, दुपारी 2 ला 42, संध्याकाळी 6 ला 44.

संगणकावर बसलेल्या गटाने 'लाइन' आलेख निवडला. रेषा दुपारी एकदम उभी चढली, नंतर कलली. मुलं म्हणाली, "दुपारी पाणी जोरात वाढलं, मग जोर कमी झाला." कागदावरच्या गटाने मात्र तासांच्या चौकटी मोजल्या होत्या. दोन तासांना दोन, सहा तासांना सहा. त्यांची रेषा सरळ आली, कारण पाणी दिवसभर तासाला अर्धा फूट याच वेगाने चढत होतं. एक्सेलने चारही नोंदी सारख्या अंतरावर मांडल्या होत्या. तिथे प्रत्येक नोंद तिच्या खऱ्या वेळेच्या अंतरावर मांडणारा 'स्कॅटर' आलेख निवडायला हवा होता, पण कागदावर अंतर मोजल्याशिवाय ते मुलांना उमगत नाही.

शिवाय एक्सेलने उभा अक्ष शून्याऐवजी 35 पासून सुरू केला होता. तेच हाताने करायचं तर अक्षसंकोचाची खूण, म्हणजे अक्षाचा खालचा भाग गाळल्याचं दाखवणारी नागमोडी रेघ, काढावी लागते, आणि खूण काढताना मूल विचारतंच, "सर, खालचं का कापायचं?"

प्रमाण ठरवणं हाही कागदाचाच धडा. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. 1 सेमी = 100 मिमी घेतलं तर महाबळेश्वरचा स्तंभ 55 सेंटीमीटरचा होतो, कागदात मावत नाही. 500 घेतलं की 11 सेंटीमीटर, आणि शेजारी माणचा जेमतेम 1. तो एवढासा स्तंभ रंगवताना वर्ग गप्प होतो.

संगणक कुठे सरस? आकडे खूप असतील तिथे. तीस वर्षांचा पाऊस हाताने काढायला लावणं म्हणजे मुलांना छळणं. त्याच आकड्यांचा स्तंभालेख, रेषालेख, वृत्तालेख असे पटापट बदलून कोणता काय दाखवतो याची चर्चा करायची असेल, तर संगणकाला तोड नाही. एक चुकलेला आकडा सुधारला की आलेख लगेच बदलतो, कागदावर खोडरबर चालवून भोक पडतं. एक्सेल नसेल तर लिबरऑफिस कॅल्क फुकट मिळतं.

वृत्तालेखाचे केंद्रीय कोन काढून कोनमापकाने दोनदा आखून झाले की तो खुशाल संगणकाला द्या. फक्त त्रिमितीय प्रकार मुलांना निवडू देऊ नका, त्यात पुढचा तुकडा उगाच मोठा दिसतो.

आणि आलेखांसाठी वर्षभरात दोनच तास हाती असतील, तर दोन्ही कागदावर घ्या.