पर्वरीतला जुना फ्लॅट: चौदा महिने राहिल्यावर

आधी पणजीच्या मळा भागात भाड्याने होतो. जोराचा पाऊस झाला की पाणी उंबऱ्यापर्यंत यायचं, म्हणून चढावर घर घ्यायचं ठरवलं आणि मांडवीपलीकडे आल्त पर्वरीत लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावरचा टू बीएचके घेतला. पुराला भिऊन वर आलो आणि पहिल्याच एप्रिलमध्ये टँकरवाल्याचा नंबर पाठ झाला! नळाला दिवसातून दीड-दोन तास पाणी, तेही धार बारीक. घर बघायला गेलात तर हॉल किती मोठा ते नंतर बघा, आधी खालची टाकी किती लिटरची ते विचारा. मी विचारलं नव्हतं.

कागदपत्रांत मात्र वकिलांनी वाचवलं. जमीन बिनशेती केल्याची सनद, ऑक्युपन्सीचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या, एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबाराच म्हणा), सगळं ठीक होतं. विकणारे गृहस्थ सही करायला एकटेच आले. वकिलांनी विचारलं, "बाई कुठे आहेत?" बाई मुलाकडे परदेशात. गोव्याच्या नागरी कायद्यात वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, त्यामुळे दोघांच्या सह्यांशिवाय घर विकता येत नाही. कुलमुखत्यारपत्र येईपर्यंत दोन महिने गेले आणि तेवढं भाडं मळ्यात भरलं. पुण्या-मुंबईहून घर घ्यायला येणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसतं. आमच्या हिला हा कायदा फार आवडतो.

पावसाळ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. घर आम्ही फेब्रुवारीत बघितलं, भिंती नुकत्या रंगवलेल्या. जुलैत पश्चिमेच्या भिंतीला चिकटून ठेवलेलं कपाट सरकवलं तर मागे हिरवट-काळी बुरशी, आणि आतल्या माझ्या लग्नाच्या कोटाला पांढरी लव. गच्चीतून झिरपणारं पाणी पंख्याच्या हुकावरून टपकायचं, खाली पातेलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आधीच्यांचंही पातेलं तिथेच असायचं." तो रंग कशासाठी होता ते तेव्हा कळलं.

रस्त्याचं काय सांगू? राष्ट्रीय महामार्ग ६६ वर उड्डाणपुलाचं काम चालू आहे. धूळ इतकी की बाल्कनीत कपडे वाळत घालणं बंद केलंय. मांडवीवरचा अटल सेतू २०१९ मध्ये झाला, पण त्यावर दुचाकीला बंदी, म्हणजे माझी स्कूटर जुन्याच पुलावरून. सकाळी नऊला निघालो तर पणजीला अर्धा तास, साडेआठला निघालो तर पंधरा मिनिटं.

एवढं असूनही विकायचा विचार मनात आलेला नाही. सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंपू, कोपऱ्यावर ओळखीची नुस्तेकान्न (मासेवाली), शुक्रवारी म्हापशाचा बाजार बसने गाठता येतो. आई डिचोलीहून आली की खालच्या आज्यांबरोबर संध्याकाळी बाकावर बसते. मळ्यात तिला चार दिवस करमत नव्हतं. नव्या कॉम्प्लेक्समध्ये जलतरण तलाव मिळाला असता, पण निम्मे फ्लॅट वर्षभर बंद. इथे संध्याकाळी प्रत्येक खिडकीत दिवा असतो.

यंदा कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलंय. गच्चीवर पत्रे घालायला सोसायटी एकदाची तयार झाली आहे, आमचा वाटा भरूनही झाला. पातेलं अजून माळ्यावर टाकलेलं नाही.