नासरेथ व्हिलेज: बायबलमधली शेती खडकात वाचायची जागा

पवित्र भूमीच्या सहलींत इस्राएलमधल्या नासरेथचा थांबा बहुधा तिथल्या मोठ्या चर्चपुरताच, बॅसिलिकेपुरताच असतो. गट उतरतो, मेणबत्ती लावतो, फोटो काढतो आणि काना किंवा गालील समुद्राकडे निघतो. त्याच शहरात, 1861 साली सुरू झालेल्या मिशन हॉस्पिटलजवळच्या डोंगरउतारावर नासरेथ व्हिलेज आहे. पहिल्या शतकातले गालीलमधले शेतकरी गाव इथे पुन्हा उभे केले आहे. सहलीच्या कार्यक्रमात ते नसेल, तर आयोजकाकडे हट्ट धरून घालून घ्यावे.

हे ठिकाण 2000 साली खुले झाले. त्याआधी, 1990च्या दशकात, या उतारावर उत्खनन झाले आणि जुन्या शेताचे अवशेष सापडले: खडकात कोरलेले द्राक्षकुंड, उतारावर माती अडवणाऱ्या दगडी ताली, राखणीच्या बुरुजांचे पाये, दगडाच्या खाणी. या अवशेषांच्या आजूबाजूला घरे, सभास्थान, तेलाचा घाणा, खळे, सुताराची आणि विणकराची जागा अशी नवी बांधणी केली आहे. त्या काळच्या वेशातली माणसे काम करताना दिसतात आणि वाटाड्या गटाला साधारण तासाभरात सगळीकडे फिरवतो. आत शिरताना एवढे ध्यानात ठेवावे की ताली, खाणी, द्राक्षकुंड आणि बुरुजांचे पाये अस्सल जुने आहेत. बाकीचे अभ्यास करून उभारलेले आहे. नव्यापाशी रेंगाळायचे आणि जुन्यावरून पुढे जायचे, ही चूक बरेच गट करतात, कारण वेशातली माणसे फोटोत छान येतात आणि खडक येत नाही.

द्राक्षकुंडापाशी मात्र दहा मिनिटे मागून घ्यावीत. वर द्राक्षे तुडवायची सपाट, किंचित उतार दिलेली फरशी, तिच्या कडेला पन्हळ आणि खाली रस साठायचा खड्डा, सगळे एकाच खडकात कोरलेले. फरशीला उतार कमी पडला तर रस साचून राहतो, जास्त झाला तर साले आणि बिया रसाबरोबर खाली वाहतात. तुडवणी अनवाणी पायांनीच करायची. पायाखाली बी फुटत नाही, दगडाखाली फुटते, आणि फुटलेल्या बीने रस कडवट होतो. खड्ड्यात गाळ तळाशी बसू द्यायचा आणि वरचा रस मडक्यांत भरायचा. उन्हाळ्याच्या अखेरीच्या उकाड्यात रस काही तासांतच फसफसू लागतो, म्हणून कुंड मळ्यातच लागते. तोडलेली द्राक्षे गाढवावर लादून गावात नेईपर्यंत निम्मी चेंगरतात.

बायबलमधल्या यशयाच्या पाचव्या अध्यायातला द्राक्षमळा इथे समोर दिसतो. धोंडे वेचले, उत्तम वेल लावला, बुरूज बांधला, कुंड खोदले, असा तिथला क्रम आहे आणि कामाचा क्रमही तोच. वेचलेले धोंडे फेकून देत नाहीत, त्यांचीच ताल रचतात. सह्याद्रीच्या उतारावर पडकई, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची शेते, पाहिलेल्या माणसाला तालीचे वेगळे काही सांगायला नको. दर्शनी बाजूला मोठे दगड किंचित आत कललेले, त्यांच्या मागे बारीक खडीचा थर आणि त्याच्या मागे माती. खडीचा थर वगळला की पाणी अडते, भिंत पोट काढते आणि एखाद्या मोठ्या पावसात मातीसकट खाली येते. नुसती माती दाबून बांधलेली ताल फार टिकत नाही. बुरूजही निव्वळ पहाऱ्यासाठी नव्हता. वेचणीच्या दिवसांत कुटुंबच तिथे मुक्कामाला असे, खाली सावलीत माल ठेवायचा आणि वर बसून कोल्हे, पाखरे, चोर यांच्यावर नजर ठेवायची. आपल्या ज्वारीच्या रानातला माळा हेच काम करतो, फक्त तो लाकडाचा असतो.

पेरणाऱ्याचा दाखलाही याच उतारावर उलगडतो. पाभरीने ओळीत पेरणाऱ्या मराठी शेतकऱ्याला मार्कच्या चौथ्या अध्यायातला पेरणारा धांदरट वाटतो: बी वाटेवर, खडकावर, काट्यांत टाकतो म्हणजे काय? पण तिथे बी हाताने फोकत आणि मग हलक्या लाकडी नांगराने मातीआड करत. फोकताना कडेच्या पायवाटेवर चार दाणे पडणारच. खडकाळ जागाही वरून ओळखू येत नाही. चुनखडीचा थर मातीखाली काही बोटांवरच असतो. अशी उथळ माती लवकर तापते, म्हणून बी तिथे सगळ्यांत आधी उगवते आणि मूळ खाली जायला जागा नसल्याने सगळ्यांत आधी करपते. वाटाड्याला म्हणावे, वाट, उघडा खडक, काटेरी बांध आणि तालीमागची खोल माती या चारही जागा एका नजरेत दिसतील अशा ठिकाणी उभे करा. अशी जागा शोधायला दूर जावे लागत नाही.

इथे आपल्याकडच्या माणसाची एक हमखास गल्लत होते ती पावसाची. जून ते सप्टेंबर गालीलमध्ये पाऊस जवळजवळ नसतोच. पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येऊन उन्हाने कडक झालेली जमीन मऊ करतो, त्यानंतरच औत चालते. शेवटचा पाऊस मार्च-एप्रिलात येतो आणि ओंबीतला दाणा भरतो. थोडक्यात, पाऊस पडणारा रब्बी हंगाम. वल्हांडण या ज्यूंच्या सणाच्या सुमाराला जव कापणीला येतो, त्यानंतर सुमारे सात आठवड्यांनी गव्हाची कापणी संपत येते. बायबलमधली रूथ जवाच्या कापणीच्या सुरुवातीला बेथलेहेमात येऊन गव्हाच्या कापणीच्या शेवटापर्यंत सरवा वेचते, म्हणजे तिने एप्रिल ते जून उन्हात काढले. व्हिलेजची माझ्या मते सगळ्यांत मोठी मर्यादा हीच आहे की तासाभराच्या फेरीत मळणी, द्राक्षे आणि तेल एकापाठोपाठ येतात. प्रत्यक्षात ती तीन वेगळ्या हंगामांची कामे. कॅलेंडर डोक्यात नसेल तर हे सगळे एकाच दिवसाचे वाटू लागते.

खळ्याची जागा पाहताना पायाखालच्या जमिनीपेक्षा वाऱ्याकडे लक्ष द्यावे. खळे उंचवट्यावर, जिथे दुपारनंतर समुद्राकडचा पश्चिमेचा वारा मिळेल तिथे करतात. आपल्याकडे तिवड्याभोवती बैलांची पात धरतात. तिथे मधे खांब नसतो. पुढून वर वळलेली जाड फळ्यांची घसरण असते, तिच्या पोटाला भोके पाडून त्यांत बसाल्टचे किंवा गारगोटीचे धारदार तुकडे ठोकलेले असतात. वर माणूस उभा राहून वजन देतो, बैल किंवा गाढव ती गोल ओढते. दाणा सुटतो आणि काड चिरून भूसही होते, म्हणजे एकाच फेरीत मळणी आणि वैरण. पेंढ्या पुरत्या वाळलेल्या नसल्या की काड दातांत गुंडाळते आणि घसरण नुसती वरून सरकते. दात झिजले की दाणा ओंबीतच राहतो. मळणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये ही बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली (25:4) आज्ञा इथे नीट कळते, कारण तासन् तास धान्यावर चालणारे जनावर तोंड घालणारच, आणि मुसके घातले तर ते अडून बसते.

उफणणी लाकडी दाताळ्याने सुरू होते आणि फावड्याने संपते. दाणा जवळ पडतो, भूस थोडी पुढे, तूस त्याहून लांब. वारा मंद असेल तर ढीग वेगळे होत नाहीत, फार जोराचा असेल तर हलका दाणाही भुशात जातो. शेवटी चाळणी, कारण खडे वाऱ्याने उडत नाहीत. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या निदणाचाही, म्हणजे गव्हातल्या तणाचाही, निकाल बराचसा इथेच लागतो. ते तण ओंबी धरेपर्यंत गव्हासारखेच दिसते, मुळे गव्हात गुंतलेली असतात, मधेच उपटले तर गहूही हातात येतो. मात्र त्याचा दाणा गव्हापेक्षा बारीक असतो, चाळणीतून खाली पडतो. तो दळणात गेला तर चक्कर आणि उलट्या होतात, म्हणून या कामात आळस चालत नाही.

तेलाचा घाणा मराठी माणसाने विशेष लक्ष देऊन पाहावा. कोकणातले बेने इस्राएली लोक पिढ्यान् पिढ्या तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांच्या घाण्यात लाकडी लाट उखळात फिरे आणि चिरडणे व गाळणे तिथेच उरके. जैतुनाला (ऑलिव्हला) दोन टप्पे लागतात, कारण फळात तेलाबरोबर भरपूर पाणी असते आणि मधे कठीण आठळी. आधी गोल दगडी पात्रात उभे चाक गाढवाने फिरवून लगदा करायचा. मग तो विणलेल्या चपट्या टोपल्यांत भरून टोपल्या एकावर एक रचायच्या. दाब न देता जे पाझरते ते पहिले आणि सगळ्यांत चांगले तेल. नंतर लांब तुळईच्या टोकाला दगड एकेक करून टांगायचे. सगळे वजन एकदम टांगले तर लगदा टोपलीच्या विणीतून बाहेर पडतो आणि तेल गढूळ येते. हौदात तेल वर तरंगते, काळे कडू पाणी खाली राहते. एक लिटर तेलाला साधारण पाच किलो फळ धरावे, जातीप्रमाणे कमीजास्त. तोडलेले फळ ढीग करून ठेवले की तापते आणि तेल खवट होते, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात घाण्याला उसंत नसते.

जनावरांच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवाव्यात. मेंढ्या, शेळ्या, गाढव दिसतात, पण कळपाचा दिवस एका तासात दिसणे शक्यच नाही: सकाळची चराई, दुपारी पाण्यावर नेणे, सावलीत रवंथ, संध्याकाळी मोजून आत घेणे. मेंढपाळाचा सोटा, काठी आणि गोफण यांची कामे वेगवेगळी, ती विचारून घ्यावीत. काठीने वळवायचे, सोट्याने लांडगा हाकलायचा, गोफणीचा दगड भरकटलेल्या मेंढीच्या पुढे टाकायचा, अंगावर नाही. वाड्याला दगडी भिंत, भिंतीवर काटे आणि एकच अरुंद तोंड. त्या तोंडात मेंढपाळ स्वतः आडवा झोपतो, तेव्हा योहानाच्या दहाव्या अध्यायातले ‘मी दार आहे’ हे वाक्य शब्दशः घेता येते. धनगराच्या वाघरीसारखे हलवता येणारे कुंपण तिथे सहसा नव्हते. दगड मुबलक आणि जागा ठरलेल्या. त्या भागातली ‘आवासी’ जातीची मेंढी पांढरी, तपकिरी तोंडाची आणि चरबीने भरलेल्या रुंद शेपटीची. बायबलच्या लेवीय पुस्तकात अर्पणासाठी ‘सबंध चरबीदार शेपूट’ वेगळे काढायला सांगितले आहे ते अशाच मेंढीचे.

सहलींत हमखास ऐकू येणाऱ्या दोन गोष्टी मात्र मनावर घेऊ नयेत. भरकटणाऱ्या कोकराचा पाय मेंढपाळ मुद्दाम मोडतो आणि मग त्याला खांद्यावर वाहतो, ही एक. बायबलमध्ये ती कुठेच नाही, आणि कळप सांभाळणारा असे करणारही नाही. मोडलेला पाय जुळायला काही आठवडे लागतात, तोवर कोकराला कळपामागून चालता येत नाही, जखम झाली तर त्यात अळ्या पडतात. दुसरी, तेविसाव्या स्तोत्रातले डोक्यावरचे तेल म्हणजे नाकातल्या माशीवरचे औषध. माशी खरी आहे, ती मेंढीच्या नाकपुडीत अळ्या सोडते. पण त्या ओवीत ताट वाढलेले आहे, प्याला भरलेला आहे. तिथे मेंढी नाही, पाहुणा आहे.

सुताराच्या जागी लोक टेबल-खुर्च्या शोधतात. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने येशू नांगर आणि जू करीत असे लिहिले आहे, म्हणून जुवाबद्दल विचारावे. जू बैलाच्या मानेच्या मापाने तासावे लागते. कड राहिली की खांदा सुजतो आणि ऐन नांगरटीत जनावर बसते. पोळ्याआधी खांदेमळणी करणाऱ्याला येशूच्या ‘माझे जू सोयीचे आहे’ याचा अर्थ पुस्तकातून काढावा लागत नाही. बैल आणि गाढव एका औताला जुंपू नये या नियमामागचे कारणही तिथेच सापडते. उंची वेगळी, चाल वेगळी, त्यामुळे जू तिरके होते आणि ओझे दोघांवर सारखे पडत नाही.

जायच्या सोयी थोडक्यात. आधी नोंदणी करावी, रविवारी बंद असते, आणि निघण्यापूर्वी त्या भागातली परिस्थिती व वेळा पुन्हा तपासाव्यात. पायवाट दगडी आणि चढाची आहे, चप्पल नको. गुडघेदुखी असलेल्यांनी आधीच कळवावे. उन्हाळ्यात सकाळची वेळ घ्यावी. मराठी गटासाठी दुभाषी घेणार असाल तर खळे, तिवडा, जू, सरवा हे शब्द माहीत असलेला माणूस निवडा, निव्वळ इंग्रजी येणारा नव्हे. नोंदणी केल्यास त्या काळच्या धर्तीचे जेवण मिळते: मसुराची आमटी, पोळीवजा भाकरी, जैतुने, दही. साधे आहे, आवर्जून घ्यावे असे नाही.

कळप प्रत्यक्ष हाकायचा असेल तर इस्राएलातल्याच मोदीइन शहराजवळचे नेओत केदुमीम जास्त कामाचे. नोगा हारेउवेनी यांनी 1960च्या दशकात उजाड टेकड्यांवर माती आणून उभे केलेले सुमारे 250 हेक्टरचे हे बायबलकालीन वनस्पतींचे उद्यान. तिथे मेंढ्या-शेळ्यांचा मिश्र कळप पाहुण्यांकडून हाकून घेण्याचा उपक्रम असतो. मेंढ्या एकमेकींना चिकटून चालतात, शेळ्या पुढे पळतात आणि झुडपांवर चढतात, हे दहा मिनिटांत समजते. त्याला अर्धा दिवस हवा. दोन्ही जमणार नसेल तर शेतीसाठी नासरेथ, जनावरांसाठी नेओत केदुमीम. नासरेथ व्हिलेजला पाचपैकी चार, कापलेला एक गुण हंगामांच्या घाईसाठी.

येताना मातीचा छोटा दिवा आणायला हरकत नाही, मात्र जैतुनाचे रोप, बी किंवा माती बॅगेत घालू नये. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आणि आयात परवाना नसेल तर ती विमानतळावरच जप्त होतात. शिवाय जैतुनाला फुलायला हिवाळ्याची थंडी लागते. राजस्थानात इस्राएलच्या मदतीने लागवड झाली आहे, पण वसईच्या अंगणात लावलेल्या झाडाला पाने येतील, फळे धरायची नाहीत.