दुकानातून सुपर ८ रीळ धुऊन घेणं : काही महिन्यांचा अनुभव

हे २०१० सालचं, अमेरिकेतलं. एकदा दुकानातल्या फोटो काउंटरवरच्या मुलाने माझं सुपर ८ फिल्मचं (घरगुती सिनेमाच्या ८ मिमी रुंद फिल्मचं) पाकीट परत केलं. म्हणाला, आम्ही हे करत नाही. त्याआधी कित्येक महिने त्याच काउंटरशेजारच्या पेटीतून माझी रिळं कॅन्ससला जाऊन धुऊन येत होती, आणि हा मला सांगत होता की अशी सोयच नाही! मॅनेजरला बोलवायला लावलं, जुन्या पावत्या पुढे ठेवल्या, तेव्हा कुठे पाकीट पेटीत पडलं. तेव्हाचा तो सगळा अनुभव लिहून ठेवतोय. शिवाय तेव्हा दिवसही थोडेच उरले होते. ३० डिसेंबर २०१० ही कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची एक रंगीत फिल्म, धुवायला देण्याची शेवटची तारीख होती. त्यानंतर जगात कुठेही कोडाक्रोम रंगीत धुऊन मिळणार नव्हतं.

कॅमेरा, कार्ट्रिज (फिल्मची बंद डबी) वगैरे सांगत बसत नाही. मुद्दा धुण्याचा आहे. इथे अमेरिकेत मोठ्या साखळी दुकानांत तेव्हा फोटो काउंटरजवळ एक पेटी असायची. पाकिटात रोल घालायचा, वरची पावती फाडून घ्यायची, पाकीट पेटीत टाकायचं. तासाभरात फोटो देणारं मशीन दुकानातच असायचं, पण त्याला न झेपणारं सगळं या पेटीतून बाहेरच्या लॅबला जायचं. आपलं सुपर ८ तिथून पुढे कॅन्ससमधल्या पार्सन्स गावी ड्वेन्स फोटो या लॅबकडे पोचायचं. कोडाक्रोम धुणारी तेव्हा तेवढी एकच लॅब उरली होती. म्हणजे थेट पाठवा नाहीतर दुकानातून पाठवा, हात त्यांचेच लागणार. फरक फक्त पैशांचा. दुकानात मला एका कार्ट्रिजला पाच डॉलरच्या आत पडायचे. थेट पाठवलं तर जवळपास दुप्पट, वर जाण्यायेण्याचं टपाल वेगळं. एका कार्ट्रिजमध्ये ५० फूट फिल्म, सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगाने ३ मिनिटं २० सेकंद. मिनिटाचा हिशेब करणाऱ्या माणसाला हा फरक डोळ्यांआड करता येत नाही.

गावातल्या लॅबवाल्याला का देत नाही, असं एकाने विचारलं. त्याच्याकडे ई-६ या पद्धतीने धुण्याचं काम व्हायचं, म्हणजे एक्टाक्रोमचं, कोडॅकच्या दुसऱ्या रंगीत फिल्मचं. कोडाक्रोमचं गणित वेगळं. त्याच्या फिल्ममध्ये रंग नसतोच; तीन थर असतात आणि रंग धुताना चढतो, प्रत्येक थराला स्वतंत्र डेव्हलपर लागतो. मध्ये एकदा तांबडा आणि एकदा निळा उजेड द्यावा लागतो. या के-१४ पद्धतीचं यंत्र चालवायला रसायनाची जाण असलेला माणूस लागतो, म्हणून बाकीच्यांनी एकेक करून ते बंद केलं. चुकून ई-६ मध्ये गेलं तर रीळ वाया. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

आता ते पाकीट. माझा सगळा राग त्या पाकिटावर आहे. फोटो ग्लॉसी हवेत की मॅट याला चौकट, किती प्रती याला चौकट, सीडी हवी का याला चौकट. मूव्ही फिल्मला एकही चौकट नव्हती. खाली 'स्पेशल इन्स्ट्रक्शन्स' म्हणून जेमतेम बोटभर रेघ, आणि आपल्या रिळाचं नशीब त्या रेघेवर. कागद इतका गुळगुळीत की बॉलपेनची शाई धरायचा नाही, अंगठा लागला की फिसकटायची. पक्क्या शाईचा मार्कर घरूनच न्यायचा आणि मोठ्या अक्षरांत लिहायचं: सुपर ८ मूव्ही फिल्म, कोडाक्रोम, के-१४, प्रोसेस ओन्ली, नो प्रिंट्स. त्याखाली ड्वेन्स फोटो, पार्सन्स. दुकानाचा नंबर छापलेला नसेल तर तोही मार्करनेच. आणि कार्ट्रिजवर नाव-फोन लिहिलेली चिकटपट्टी लावायची, पाकीट फाटलं तरी रीळ निनावी होत नाही. लाखो पाकिटं छापणाऱ्यांना एक चौकट जास्त छापायला काय हरकत होती, मला अजून कळलेलं नाही.

पहिलं रीळ आलं तेव्हा मात्र मी सगळं माफ केलं होतं. आई पुण्याहून आली होती, परसात टोमॅटोच्या आळ्यात उभी, इरकलीचा लाल पदर खोचलेला. तो लाल! डिजिटल कॅमेऱ्यात हाच पदर नुसता लालभडक डाग दिसतो. इथे त्यातली पांढरी नक्षी वेगळी दिसत होती, सावलीतला भाग वेगळा लाल, उन्हातला वेगळा. फिल्मवर चरा नाही, धुळीचा कण नाही. तेव्हा भेटेल त्याला मी सांगत होतो, डोळे मिटून दुकानात टाका.

ते मत पुढे बदललं. आमच्या गावातले एक काका १९७१ साली इथे आले. तळघर आवरताना त्यांना कॅमेऱ्यातून काढलेली पण कधीच न धुतलेली तीन कार्ट्रिजं सापडली, १९७९ ची. लेबलवर कोडाक्रोम ४० होतं, म्हणजे के-१४ चंच. (त्याआधीच्या, १९७४ पूर्वीच्या कोडाक्रोम टूची प्रक्रिया निराळी, ती तेव्हा इथे होत नव्हती.) काका म्हणाले, "अरे, तू टाकतोसच आहेस तर माझीही टाक." टाकली. दोन आली, तिसरं येईना. दुकान म्हणे लॅबला विचारा. पार्सन्सला फोन केला तर तिथल्या बाईंनी शांतपणे शोधून सांगितलं की धुऊन परत पाठवलंय. दुकान म्हणे आमच्याकडे नाही. तेव्हा पाकिटाच्या मागचा बारीक मजकूर पहिल्यांदा नीट वाचला. रीळ हरवलं तर तेवढंच कोरं रीळ देऊ, बाकी जबाबदारी नाही. कोरं कोडाक्रोम ४० सुपर ८ कुठून देणार? ते कोडॅकने २००५ सालीच बंद केलं होतं!

शेवटी ते त्याच साखळीच्या पलीकडच्या गावातल्या दुकानात खणात मिळालं. पाकिटावर दुकानाच्या नंबरातला एक आकडा फिसकटला होता. पुन्हा ते पाकीट!

तीन दशकं उलटल्यामुळे चित्र फिकं आणि दाणेदार आलंय, पण आलंय. कुणाच्या तरी अपार्टमेंटमधला गणपती, पुठ्ठ्याचं मखर, आणि काकू स्टीलच्या ताटात निरांजन लावताना कॅमेऱ्याकडे बघून हात हलवून "नको" म्हणताहेत. काकांनी ते रीळ लगेच उलटं गुंडाळून पुन्हा लावायला लावलं. काकू आता नाहीत. पाच-सहा डॉलर वाचवायला हे रीळ त्या पेटीत टाकण्यासारखं नव्हतं, असं माझं आता ठाम मत आहे.

तेव्हा माझी विभागणी अशी झाली. नुकतंच चित्रित केलेलं, फ्रीजरमध्ये जपलेल्या साठ्यातलं रीळ असेल तर दुकानच, तरीही. पैसे वाचायचे आणि काम तेच. जुनं, पुन्हा न मिळणारं काही असेल तर थेट पार्सन्सला, ट्रॅकिंग नंबर घेऊन.

डीव्हीडी करून देण्यासाठी दुकान जे पैसे मागायचं ते देण्यात अर्थ नव्हता, हे घरीच करता येतं. प्रोजेक्टरचं शटर (उजेडाची उघडझाप करणारी फिरती चकती) तीन पात्यांचं असेल आणि वेग बदलता येत असेल तर तो २० फ्रेमवर आणा, पांढऱ्या जाड कागदावर छोटं चित्र पाडा आणि कॅमकॉर्डरने घ्या. सेकंदाला ६० उघडझाप होते, इथल्या व्हिडिओशी जुळते, लुकलुक जवळजवळ जाते. भारतातल्या कॅमकॉर्डरला हा आकडा चालणार नाही, तिथे ५० चा हिशेब, म्हणजे साधारण पावणेसतरा फ्रेम.

तारखेबद्दल एकच. ३० डिसेंबरला रीळ लॅबच्या हातात असायला हवं होतं, आपल्या पेटीत नव्हे. दुकानातून जायला माझ्या अनुभवात वेळेचा भरवसा नव्हता, त्यामुळे दुकानाचा रस्ता थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या) आधीच बंद धरायचा, त्यानंतर फक्त थेट. एक्टाक्रोमवाल्यांना घाई नव्हती, ई-६ चालूच राहणार होतं. पण तळघरात, माळ्यावर, जुन्या कॅमेऱ्याच्या पोटात एखादं कोडाक्रोमचं कार्ट्रिज राहिलंय का, हे त्या तारखेआधीच उघडून बघायला हवं होतं. सत्तरच्या दशकात आलेल्या आपल्या काका-काकूंनाही फोन करून विचारायला हवं होतं, बऱ्याच जणांना अशी तारीख आहे हेच माहीत नव्हतं.