मधल्या पट्टीची टकटक : एक्झॉस्टचं शटर सात महिने वापरल्यावर

परवाच्या वळवात शटरची मधली पट्टी उडाली. सकाळी ती खाली लावलेल्या माझ्याच स्कूटरच्या सीटवर सापडली, कुणी आणून ठेवावी तशी. म्हणून आज लिहायला बसलोय. नाहीतर ३४० रुपयांच्या प्लास्टिकवर मी शाई वाया घालवणारा माणूस नाही.

बाथरूमच्या सहा इंची एक्झॉस्ट पंख्याला बाहेरून लावायचं हे तीन पट्ट्यांचं पांढरं शटर. ज्यांच्याकडं आहे त्यांना कामाची पद्धत सांगायला नको. पंखा चालू केला की हवेनं पट्ट्या उचलायच्या, बंद केला की आपल्या वजनानं पडायच्या. पाल, कबुतर, धूळ बाहेर. गोम त्या 'आपल्या वजना'त आहे, कारण त्यांना वजनच नाही.

आम्ही गेल्या ऑगस्टात जुळे सोलापुरात भाड्यानं राहायला आलो. दुसरा मजला, बाथरूम पश्चिमेला, समोर मोकळं मैदान. पहिल्याच रात्री टक. टकटक. मग बराच वेळ काही नाही. डोळा लागतोय तोवर टक. जुनं शटर खिळखिळं झालं होतं. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "अहो, वारं हाय ते. आधीच्या भाडेकरूनं तीन वर्षांत एकदा बी तक्रार नाही केली." जुनं शटर काढलं तेव्हा तक्रार का नव्हती ते कळलं. आत कोंबलेला सोलापुरी टॉवेलचा अर्धा तुकडा खाली घसरला होता, काळा पडलेला, ओल्या पोत्याचा वास मारणारा. घट्ट होता तोवर आवाज बंद, हवाही बंद.

ऑक्टोबरअखेर ऑनलाइन नवं शटर मागवलं. लावण्याचा पराक्रम थोडक्यात सांगतो. आमचा पंखा व्हेंटिलेटरच्या अर्ध्या भागात प्लायच्या तुकड्यावर बसवलाय, म्हणजे भिंतीला ड्रिल नाही, डिपॉझिट सुरक्षित. शेजारच्या दोन काचा सरकवून हात बाहेर घालायचा आणि चाचपडत स्क्रू आवळायचे. उभं राहायला पाण्याचं पिंप. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड सुटतं, आणि भरलेल्या पिंपावरच उभं राहता येतं, रिकामं डगमगतं. त्यामुळं या घरात बाथरूमची दुरुस्ती पाण्याच्या वारावर ठरते.

नोव्हेंबर ते मार्च एकदाही टक नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले तेव्हा मी त्यांना बाथरूममध्ये नेऊन शटर दाखवलं, इतका खूश होतो. डिसेंबरात पाच तारे देऊन मोकळाही झालो होतो.

ते पाच तारे मी परत घेतो. शटर चांगलं नव्हतं, वारा पलीकडचा होता. हिवाळ्यात आपल्याकडं वारा पूर्वेकडून येतो, आणि आमच्या घराची पूर्व बाजू शेजारच्या इमारतीनं झाकलेली. वारा पश्चिमेला वळला तसं नव्या शटरनं जुन्याचाच सूर धरला. सोलापूरला पावसाळ्यात पाऊस कमी आणि वारा जास्त, हे ज्याला ठाऊक आहे त्यानं थंडीतल्या कौतुकावर शटर घेऊ नये. माझ्याही नाही.

आता मोठा आवाज आहे का? नाही, आणि तेच डोक्यात जातं. मोबाइलवर मोजला तर चाळीसच्या आतबाहेर. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, म्हणजे माझी पट्टी कायदा पाळून छळत होती. आणि मी काही नाजूक कानाचा नाही. शहराच्या पूर्व भागात वाढलोय, भिंतीपलीकडं यंत्रमाग. रात्रपाळीच्या खटखटीत आम्ही सगळे ढाराढूर झोपायचो, आणि लाईट जाऊन माग थांबले की आख्खी आळी जागी व्हायची. मागाला ताल असतो. पुढचा ठोका कधी पडणार ते कानाला माहीत असतं. या पट्टीचा पुढचा टक चार सेकंदांनी की चाळीस मिनिटांनी, ते तिचं तिलाही ठाऊक नसतं. मी पडल्या पडल्या वाट बघायचो.

बायकोला हा आवाज येतच नाही. त्यावरून झालेली भांडणं वेगळी.

कस्टमर केअरचं उत्तर: "सर, वाऱ्यानं आवाज येणं नॉर्मल आहे." परतीचे सात दिवस नोव्हेंबरातच संपले होते, पट्टी सुटी मिळत नाही, नवं शटर घ्या. मग एप्रिलमध्ये माझे प्रयोग. फ्रिजवरचे चुंबक चिकटवले तर पंख्याला पट्ट्या उचलेनात. मग वजन म्हणून प्रत्येक पट्टीला दुहेरी टेपनं एक-एक रुपया. आवाज कमी वेळा, पण टकचा थप झाला. मेमध्ये पारा ४३ वर गेला, पश्चिमेच्या उन्हात टेपचा गोंद पाघळला आणि नाणी खाली. मालकांच्या नातवाला अंगणात तीन दिवस ओळीनं रुपया सापडला. तो अजून वर बघत उभा राहतो.

इथपर्यंत दहा दिवसांपूर्वी लिहिलं होतं, एक तारा द्यायच्या तयारीनं.

त्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी उडालेली पट्टी बसवायला शटर खाली काढलं. पिन तुटली होती, तिथं जुन्या छत्रीच्या काडीची तार कापून घातली. शटर हातात आहेच म्हणून नखानं पट्टी उचलून सोडून बघितली. टक जेमतेम ऐकू आला. तेच शटर प्लायला टेकवून केलं, तर खणखणीत. तेव्हा ट्यूब पेटली. ओरडत होता तो प्लाय! पातळ फळी म्हणजे हलगीचं कातडं, पट्टी फक्त टिपरी, आणि टाइल्सची बाथरूम घुमवायला. दहा महिने मी टिपरीलाच शिव्या घालत होतो.

मधल्या मारुतीजवळून खिडक्यांना लावतात ती काळी फोमची टेप आणली, ४५ रुपये. दुकानदारानं आधी स्पंजची काढली होती. तुकडा पाण्यात बुडवून दाबा, पाणी पिणारी असेल तर बाथरूमला घेऊ नका, टॉवेलाचंच होणार. न पिणारी घ्या. शटर आणि प्लायच्या मध्ये सगळीकडून एक फेर दिला. शिवाय पट्टी चौकटीवर जिथं आपटते तिथं चौकटीलाच बोटभर तुकडे, दोन्ही टोकांना. पट्टीला लावायचे नाहीत, वजन वाढतं. सगळ्या कडेनंही लावू नका, मी आधी लावले होते, पट्ट्या अर्धवट उघड्या राहायला लागल्या. पिनांना तेल दिलं तर आपल्या धुळीचा चिखल होतो. पेन्सिलीचं शिसं घासलं, कुरकुर गेली.

हे सगळं होऊन आठ रात्री झाल्या. पश्चिमेचा वारा जोरात आहे, दोरीवरची चादर आडवी उडते. पट्ट्या हलतात, बाथरूममध्ये उभं राहून कान दिला तर मऊसा पुट् ऐकू येतो, पलंगापर्यंत पोचत नाही. ही टेप पुढच्या मेचं ऊन काढते का ते बघायचंय.

तर तीन तारे. दोन पट्ट्यांना, एक टेपला, जी या कंपनीची नाहीच. पाऊण पैशाचा रबर कारखान्यातच लावला असता तर पाच दिले असते.

करार जुलैत संपतो. भाडं न्यायला मालक आले तेव्हा बाथरूमच्या दारात उभं राहून बराच वेळ ऐकत राहिले. म्हणाले, "खाली आमच्या बी बाथरूमचं असंच वाजतंय. नातू झोपत नाही."

मी म्हटलं, टेप ४५ रुपयांना मिळते, दुकान सांगतो.

"कशाला? तुमच्याकडं उरली असंल की."