नॅस घेऊन नऊ महिने झाले, फाईली कुठे अडकायच्या आणि कशा सुटल्या

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायचा डिस्कांचा डबा, सगळ्यांना त्यावर फाईली ठेवता येतात. दसऱ्याला घेतला तेव्हा वाटलं होतं डबा लावला, केबल टोचली, फाईली टाकल्या की काम संपलं. आता नऊ महिने झालेत, रोज वापरतेय, म्हणून सविस्तर लिहिते, कारण घेताना मी जे रिव्ह्यू वाचले ते सगळे पहिल्या आठवड्यातले होते आणि खरा त्रास सुरू होतो तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात.

आधी कशासाठी घेतला ते सांगते. आमचे आण्णा कऱ्हाडला शाळेत शिक्षक होते आणि गावात, आजूबाजूला कुठेही कीर्तन असलं की टेपरेकॉर्डर घेऊन पुढे जाऊन बसायचे. २१२ कॅसेट आहेत, बहुतेक नव्वद मिनिटांच्या. ते गेल्यावर मी आणि दादानं ठरवलं की हे सगळं डिजिटल करायचं, आणि चांगल्या क्वालिटीत करायचं. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाईल. नव्वद मिनिटांची एक कॅसेट ३ जीबीच्या वर जाते. एवढं लॅपटॉपवर मावत नाही आणि एकाच एक्सटर्नल डिस्कवर ठेवायला जीव धजत नाही. म्हणून दोन डिस्क बसणारा नॅस, त्यात ४-४ टीबीच्या दोन डिस्क, मिररमध्ये, म्हणजे एक गेली तरी दुसरीवर तेच असतं. कंपनीचं नाव घेत नाही कारण पुढे वाचाल तर कळेल की निम्म्याहून जास्त भानगडी त्या डब्याच्या नव्हत्याच.

पहिल्याच दिवशी ३१० जीबी कॉपीला लावलं आणि वेग सेकंदाला ११.३ एमबीला जाऊन चिकटला. कमी-जास्त होतच नव्हता, रेघ मारल्यासारखा ११.३. विंडोज म्हणतंय साडेसात तास. मी डब्याला दोष देऊन मोकळी झाले, सेटिंगं बदलत बसले, दोनदा रीसेट मारला, काही फरक नाही. मग डोक्यात आलं की हा आकडाच सांगतोय काय झालंय ते. १०० एमबीपीएसची लाईन म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, त्यातला थोडा भाग नेटवर्कच्या स्वतःच्या हिशेबात जातो, उरतात अकरा-साडेअकरा. म्हणजे कुठेतरी गिगाबिटच्या (हजार एमबीपीएसच्या) जागी शंभरचं कनेक्शन होतंय. सेटिंग्जमध्ये इथरनेटवर जाऊन लिंक स्पीड बघितला तर सरळ १००/१०० लिहिलेलं. हे आधी बघायला हवं होतं.

केबल काढून उजेडात धरली. नेटवाल्या मुलानं बसवताना स्वतःच कापून टोक लावून दिलेली. पारदर्शक टोकातून बघितलं तर आठातल्या चारच तारा आत गेलेल्या, बाकीच्या चार बाहेरच कापून टाकलेल्या! शंभरच्या स्पीडला दोन जोड्या पुरतात, त्यामुळे इंटरनेट व्यवस्थित चालतं आणि कुणाला काही कळत नाही, पण गिगाबिटला चारही जोड्या लागतात. तयार कॅट ६ केबल आणून लावली, तरी १००च. आता काय? तर राऊटरला चार पोर्ट, त्यातलं एकच गिगाबिट, बाकी तीन शंभरचे, आणि मी डबा आणि कॉम्प्युटर त्याच तीनपैकी दोनात लावलेले. शेवटी पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच आणला, डबा आणि कॉम्प्युटर दोन्ही त्याला, आणि स्विचची एक केबल राऊटरला. त्यानंतर ११० एमबी! साडेसात तासांचं काम पाऊण तासात. त्या दिवशी मी कॉपीच्या खिडकीचा फोटो काढून दादाला पाठवला होता. वायफायवर अर्थात एवढं मिळत नाही, लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झवर गेला की फारच पडतो, ५ गिगाहर्ट्झवर ठेवला की ठीक चालतं, मोठ्या फाईलींसाठी मी केबलच लावते.

दुसरा त्रास जास्त वाईट, कारण तो कधीतरीच व्हायचा. कॉपी चालू असते, साठ-सत्तर टक्क्यांवर येते आणि अनपेक्षित नेटवर्क एरर म्हणून थांबते. पुन्हा लावलं की कधी पूर्ण होते कधी नाही. यात दोन कारणं एकात एक गुंतलेली होती म्हणून मला महिनाभर लागला. एक म्हणजे नेटवर्क कार्ड वीज वाचवायला झोपत होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबवर वीज वाचवायला हे बंद करायची परवानगी असा टिक असतो तो काढला, आणि ॲडव्हान्स्डमध्ये एनर्जी एफिशियंट इथरनेट म्हणून असतं ते डिसेबल केलं. दुसरं कारण लाईट. आमच्याकडे गुरुवारी हमखास जाते, आली की राऊटर नव्यानं सुरू होतो आणि डब्याला वेगळाच आयपी पत्ता देतो, आणि मी झेड ड्राईव्ह (कॉम्प्युटरवर डबा ज्या नावानं दिसतो तो) जुन्या पत्त्यावर जोडलेला, त्यावर लाल फुली. राऊटरमध्ये जाऊन डब्याचा पत्ता राखून ठेवला (डीएचसीपी रिझर्व्हेशन म्हणतात, पाच मिनिटांचं काम) आणि डबा, स्विच, राऊटर तिन्ही एका यूपीएसवर टाकले. यूपीएसची यूएसबी वायर डब्याला जोडता येते, बॅटरी संपत आली की डबा स्वतःहून नीट बंद होतो. ज्यांच्याकडे लाईट जाते त्यांनी यूपीएसचे पैसे डब्याच्याच पैशात धरावेत, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हापासून मोठी कॉपी मी ओढून टाकत नाही, रोबोकॉपीनं करते. विंडोजमध्ये आधीपासून असतं, काळ्या खिडकीत कमांड द्यायची. स्लॅश ई म्हणजे आतल्या फोल्डरांसकट, स्लॅश झेड म्हणजे मध्येच तुटलं तर तिथून पुढे, आणि आर व डब्ल्यू स्वतः द्यायचेच, मी तीन वेळा आणि दहा सेकंद देते, कारण न दिलं तर एक फाईल अडली की ते दहा लाख वेळा प्रयत्न करतं आणि दर वेळी तीस सेकंद थांबतं. हिशेब करून बघा, एका फाईलसाठी जवळजवळ वर्ष! आणि स्लॅश एमआयआर कुठे वाचलंत तर समजल्याशिवाय वापरू नका, ते मूळ फोल्डरमध्ये नसलेलं सगळं पलीकडून पुसतं.

सुरुवातीला मी स्लॅश झेड न देता चालवायचे. एका गुरुवारी लाईट गेली, आल्यावर बघितलं तर शेवटची फाईल डब्यावर होती, नाव बरोबर, साईझही पूर्ण, ३ जीबी. मी समजले झालं. दोन दिवसांनी आईला ऐकवायला लावली तर अर्ध्यापर्यंत अभंग, आणि पुढे नुसती शांतता. पोटात गोळा आला. नीट बघितलं तर फाईलच्या तारखेत वर्ष १९८०. रोबोकॉपी आधी पूर्ण जागा अडवून ठेवतं आणि काम होईपर्यंत फाईलला ती जुनी तारीख लावतं, पूर्ण झाली की खरी तारीख बसते. आमच्या कॅसेटच ऐंशीच्या दशकातल्या, त्यामुळे १९८० बघून मला काहीच खटकलं नव्हतं. लॅपटॉपवर मूळ फाईल होती म्हणून बरं. आता नियमच केलाय, कॉपी झाली की दोन्हीकडच्या फाईलींचा हॅश (आतल्या मजकुरावरून निघणारा ठसा, मजकूर बदलला की तोही बदलतो) काढून जुळवायचा, जुळला तरच लॅपटॉपवरची पुसायची. विंडोजमधल्याच पॉवरशेल नावाच्या कमांडच्या खिडकीत गेट-फाईलहॅश म्हणून आहे, वेळ लागतो, पण रात्री लावून झोपायचं.

मध्ये विंडोज ११ प्रोचं २४एच२ अपडेट आलं आणि सगळ्यांसाठी बिनपासवर्डचा ठेवलेला फोल्डर उघडेनासा झाला, सुरक्षा धोरणामुळे गेस्ट प्रवेश बंद असं काहीतरी. व्हिडिओवाले सांगतात एसएमबी १ (नेटवर्कवर फाईली शेअर करायची जुनी पद्धत) चालू करा. कृपा करून करू नका, त्याचा याच्याशी संबंधच नाही, आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो त्याच जुन्या एसएमबी १ मधल्या भोकातून. डब्यावर घरातल्या प्रत्येकाचं नाव-पासवर्ड करून दिलं, दहा मिनिटांत मिटलं. फक्त एक लक्षात ठेवा, तिथे डब्यावर बनवलेलं नाव आणि पासवर्ड द्यायचा, लॅपटॉप उघडायचा पिन नाही. आमच्या ह्यांनी पिन टाकून टाकून स्वतःला लॉक करून घेतलं होतं.

आता ज्याच्यासाठी खरं लिहायला बसले ते. मराठी नावं. याबद्दल मला कुठेच काही सापडलं नाही, म्हणून सगळं सांगते.

मार्चमध्ये दादा कऱ्हाडहून डिस्क घेऊन आला, मी डब्यावर कॉपी केली, एरर एकही नाही. पण मोजल्यावर कऱ्हाडच्या फोल्डरमध्ये ५८ ऐवजी ३१ फाईली. दादा म्हणाला, "अगं मी स्वतः टाकल्यात, मोजून." पुन्हा कॉपी, पुन्हा ३१. मग तोच म्हणाला, "हे बघ, इथे दोन कऱ्हाड कशी काय?" खरंच, यादीत दोन फोल्डर, एक कऱ्हाड आणि एक कर्‍हाड. डोळ्याला जवळजवळ एकच. एकात ३१, एकात २७.

झालं काय होतं, मी लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट कीबोर्डनं टाईप करते, तिथे नुक्त्याचा ऱ वेगळा आहे, शिफ्ट आणि जे, त्याला हलन्त लावून ह. दादा फोनवर नावं टाईप करून मग ती चिकटवतो, त्याच्या कीबोर्डमध्ये साधा र, मग हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं एक न दिसणारं चिन्ह आणि मग ह. वाचणाऱ्याला दोन्ही आडव्या रफाराचे र, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. आणि आपल्या भाषेत हे किती ठिकाणी येतं बघा, दसऱ्याचं, वाऱ्या, गोऱ्हे, पुजाऱ्यांचं. आमच्याकडे 'दुसऱ्या दिवशीचं' नावाचे फोल्डरसुद्धा जोडीनं निघाले. यावर उपाय म्हणजे पॉवरशेलनं नावांमधलं र-हलन्त-झेडडब्ल्यूजे शोधून त्याजागी ऱ-हलन्त टाकलं, आधी फोल्डरच्या कॉपीवर करून बघितलं, मग खऱ्यावर. दोन्हीकडे एकाच नावाची फाईल आहे का ते आधी तपासा, नाहीतर एकीवर दुसरी जाऊ शकते.

याच्याच जोडीची अडचण लांब नावांची. कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्टेड फोल्डर केला होता, त्यात काही फाईली जाईचनात, नाव फार लांब म्हणे. नाव काय, तर "आण्णा - कीर्तन - कऱ्हाड कृष्णामाई घाट - एकादशी - कॅसेट ४७ - बाजू ब". डॉट आणि वेव्हची तीन अक्षरं धरून सत्तर चिन्हं. मर्यादा १४३ लिहिली होती, मग अडतंय का? तर ती मर्यादा बाईटची आहे. इंग्रजी अक्षर एका बाईटचं, देवनागरीचं तीन बाईटचं, आणि काना, मात्रा, हलन्त प्रत्येक वेगळा मोजला जातो. 'कृष्णामाई' वाचायला चार अक्षरं, मोजायला नऊ चिन्हं, सत्तावीस बाईट. माझं अख्खं नाव १६४ बाईट भरलं. म्हणजे अशा फोल्डरमध्ये पूर्ण मराठी नाव फक्त ४७ चिन्हांचं मावतं. साध्या फोल्डरमध्ये २५५ बाईट, म्हणजे ८५ चिन्हं, तिथे सहसा अडत नाही. मी कीर्तनं साध्या फोल्डरमध्ये आणली, घरची कागदपत्रं तेवढी कुलूपात ठेवली. नावं इंग्रजीत करायचा सल्ला भाच्यानं दिला होता, पण आण्णांनी प्रत्येक कॅसेटच्या कागदावर निळ्या शाईनं जे लिहिलंय तेच फाईलचं नाव असावं असा माझा हट्ट आहे, आणि ते जमतं.

बाकी किरकोळ. कॅसेटच्या कागदांचे स्कॅन हजारोंनी आहेत, बारीक फाईली असल्या की वेग खूप पडतो, तो बिघाड नाही, प्रत्येक फाईलला उघड-बंद करायचा वेळ जातो, मी झिप करून पाठवते. बराच वेळ वापरला नाही की डिस्का झोपतात, पहिल्यांदा उघडताना आठ-दहा सेकंद खिडकी अडकते, तेव्हा घाबरून बंद करू नका. फोनचं ॲप मला आवडलं नाही, मंद आहे. आवाज रात्री जाणवतो, बेडरूममध्ये ठेवू नका. आणि मिरर म्हणजे बॅकअप नाही, चुकून पुसलं की दोन्ही डिस्कवरून जातं, म्हणून एक पूर्ण प्रत दादाकडे कऱ्हाडला असते.

पुन्हा घ्यायचा झाला तर हाच घेईन, फक्त त्याच दिवशी स्विच, दोन तयार केबली आणि यूपीएस पण घेईन. १९३ कॅसेट झाल्यात. उरलेल्या १९ ना बुरशी आहे, त्या दादा कऱ्हाडलाच एकाकडून साफ करून घेतोय. पुढच्या आठवड्यात डिस्क घेऊन येईल. या वेळी सगळे ऱ मी सांगितले तसे टाईप केलेत म्हणाला, आल्यावर आधी तेच बघणार आहे.