मेंदूज्वर आणि पांढऱ्या पेशी : रविवारचा ऑनलाईन क्लास केला, कसा वाटला ते सांगते

मी लॅब टेक्निशियन आहे. मेंदूज्वराची शंका असलेल्या पेशंटचं पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं तेच, पाठीत सुई घालून काढलेलं) आमच्याकडे येतं, चेंबरमध्ये म्हणजे मोजणीच्या काचेवर पांढऱ्या पेशी मोजायच्या, त्यातल्या पॉलीज किती लिम्फ किती, हे पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार, लिहायचं, झालं. मोठ्या माणसात एरवी एका मायक्रोलिटर पाण्यात पाचच्या आत असतात आणि बॅक्टेरियल असेल तर हजारोंनी दिसतात, त्यामुळे मला कायम वाटायचं की चला, फौज पोचली, आता पेशंट सुधारेल. चार रविवारांच्या या क्लासने हा समज पार मोडला.

दुसरा रविवार तर जबरदस्त. सरांनी सशांवरचे प्रयोग घेतले, मानेच्या वर कवटीच्या तळाशी पाण्याची पोकळी असते तिथे न्यूमोकॉकस (मेंदूज्वर करणारा एक बॅक्टेरिया) सोडायचे आणि मग ठराविक तासांनी पाणी काढून जंतू नि पेशी मोजायच्या. १९८३ च्या प्रयोगात सशांच्या पांढऱ्या पेशी आधीच औषध देऊन खाली आणल्या होत्या, तरी पाण्यात जंतू तेवढ्याच वेगाने वाढले! फरक पडला तो रक्तात, तिथे या सशांमध्ये जंतू जास्त झाले. कारण असं की न्यूमोकॉकसवर साखरेचं कवच असतं, पेशीला तो धरता येत नाही, रक्तात अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंट ही जंतूंशी लढणारी प्रथिनं त्याला चिकटतात म्हणून पकड मिळते, पाठीतल्या पाण्यात मात्र हे दोन्ही फारच कमी. मग १९८९ चा प्रयोग, पांढऱ्या पेशींवरचं सीडी१८ (रक्तवाहिनीला चिकटून बाहेर पडायला लागणारं प्रथिन) अँटिबॉडीने झाकलं, पेशी पाण्यात शिरल्याच नाहीत फारशा, आणि मेंदूची सूज कमी, मेलेले ससेही कमी. हे ऐकून मी खरंच सुन्न झाले.

उंदरांच्या जातीतल्या रॅटवरचा २०१९ चा प्रयोगही घेतला, पेशी आपलाच डीएनए जाळ्यासारखा बाहेर टाकतात आणि ते जाळं डीएनेजने, म्हणजे डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमने, विरघळवलं तर जंतू जास्त चांगले साफ होतात. डेक्सामेथासोन हे सूज कमी करणारं स्टेरॉइड अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी किंवा सोबतच का देतात तेही आत्ता नीट कळलं, अँटिबायोटिकने जंतू फुटले की सूज आणखी भडकते म्हणून.

तक्रार एकच, शेवटचा रविवार फार घाईत उरकला, टीबीचा मेंदूज्वर दहा मिनिटांत संपवला, आणि आमच्याकडे तर तेच सॅम्पल जास्त येतात. स्लाईडवरची अक्षरं मोबाईलवर वाचवत नाहीत, लॅपटॉपच घ्या. बाकी लॅबवाल्यांनी नक्की करा. रेकॉर्डिंग तीन महिने बघता येतं, दुसऱ्या रविवारचं मी तीनदा बघितलंय.